कच्च्या टोमॅटोचं पथ्य

आमच्या मळ्यातले टोमॅटो कधी धड पिकलेच नाहीत. भात कापून झालं की त्याच जमिनीत वाफे करून वयनी रोपं लावायची. पौषात झाडं मांडीएवढी व्हायची, घोस लटकायचे, आणि फळांना रंग चढायच्या बेतात एका सकाळी बघावं तर अख्खं झाड मान टाकून उभं. पानं हिरवीच, पण मेलेली. ‘मर’ म्हणतात त्या रोगाला. पाणी घाला, राख घाला, काही उपयोग होत नाही. एक गेलं की शेजारचं जातं, आणि आठवड्याभरात वाफेच्या वाफे संपतात. हातात राहतात ते फक्त हिरवे, कडक, आंबट टोमॅटो.

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं माहेर डिचोलीकडचं, माझं गडहिंग्लजकडचं. मोपाच्या सड्याखालच्या, म्हणजे पठाराच्या पायथ्याच्या वाडीत आम्ही दोघी दोन सख्ख्या भावांच्या घरात आलो. ती आधी, मी बऱ्याच वर्षांनी. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडी वर्षं झाली होती. कोंकणी की मराठी हे भांडण लोकांच्या बोलण्यातून अजून पुरतं गेलेलं नव्हतं, पण आमच्या घरात ते कधी आलं नाही. दीर भजनात मराठी अभंग म्हणायचे आणि घरी येऊन कोंकणीत पाणी मागायचे. वयनी माझ्याशी मराठी बोलायची, तिला जमेल तशी. राग आला किंवा फार दुखलं की मात्र ती कोंकणीतच बोले.

पहिल्या वर्षी मेलेल्या झाडांवरचे टोमॅटो ती टोपलीत भरून गोठ्याकडे निघाली होती. मी म्हटलं, “वयनी, हे गुरांना घालू नका. मला द्या.”

“हे कच्चे गो. ह्यांचं काय करतेस?”

“चटणी.”

आमच्याकडं कच्च्या टोमॅटोची चटणी घरोघरी होते. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल फुटून सुटेपर्यंत. मग लोखंडी कढईत थोड्या तेलावर टोमॅटोच्या फोडी, हिरवी मिरची, लसूण, जिरं. फोडी कडेनं काळपट झाल्या पाहिजेत, पण आतून विरघळता कामा नयेत. शेवटी सगळं खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सरवर लगदा होतो, दाण्याचा तुकडा दाताखाली येत नाही.

वयनीनं बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. मग पोदेराकडचा सकाळचा पाव होता, तो मोडून त्यात भरला आणि चुलीपाशी उभ्या उभ्या खाल्ला. “बरें लागता,” म्हणाली, आणि दुसरा पाव घेतला.

पण ती नुसतं खाऊन गप्प बसणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं सुरू केलं. ते दिवस ओल्या काजूगरांचे असतात. बी हिरवी असतानाच फोडून गर काढायचा. चिकानं बोटांची कातडी जाते, म्हणून ती हाताला खोबरेल तेल चोपडून बसायची. ते गर, ओला नारळ, दोन तिरफळं आणि माझे कच्चे टोमॅटो असं दाट तोणाक, म्हणजे त्यांच्याकडची रस्साभाजी, तिनं केलं आणि वर माझे भाजके दाणे ठेचून घातले. आंबटपणा आधी लागायचा, मग काजूचा गोडवा, आणि मागून तिरफळाची जिभेला येणारी झिणझिण. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं काही खाल्लेलं नाही. हे मी ती गेली म्हणून म्हणत नाही. तेव्हाही म्हणत होते.

त्यानंतर ते औषध झालं. माझी मुलगी लहानपणी अगदी पांढरी पडलेली, सारखी झोपायची. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, रक्त कमी आहे, दाणे-गूळ द्या, पालेभाजी द्या, सोबत काहीतरी आंबट द्या, म्हणजे अंगी लागेल. वयनीनं त्यातलं दाणे आणि आंबट एवढंच उचललं. रोज पोरीला मांडीवर घेऊन कुलेरानं, म्हणजे आमच्या चमच्यानं, ते तोणाक भरवायची. टोमॅटो संपले की आंबट बिमलं घालायची, पण दाणे आणि काजू कधी चुकले नाहीत. पोरीचे गाल भरले. गोळ्याही चालू होत्या, पण त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. वाडीत कोणी बाळंतीण असो, कोणी तापातून उठलेलं असो, वयनीचा डबा जायचा. “दाण्यात ताकद असते,” ती सांगायची. “टमाटानं तोंडाला चव येते. चव आली की माणूस उठतो.”

ही तिची श्रद्धाच होती. चव आली की माणूस उठतो.

पुढची बरीच वर्षं अशीच गेली. तिची मुलगी लग्न होऊन साखळीला गेली. माझी पणजीला शिकायला गेली. सड्यावर विमानतळाचं काम सुरू झालं आणि गावात आमच्याकडची, कोल्हापूर-बेळगावची माणसं खोल्या घेऊन राहायला लागली. दुकानात उभी असताना कानावर माझ्या माहेरची बोली पडायची. त्याच सुमाराला वयनीचे पाय सुजायला लागले.

आधी तिनं कोणाला सांगितलं नाही. मीच बघितलं, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ती म्हणाली, उभं राहून राहून होतं. मग तिला दम लागायला लागला. मळ्यातून परत येताना ती बांधावर दोनदा बसायची. अशक्तपणा आहे असं तिनं ठरवलं आणि स्वतःचं औषध सुरू केलं. सकाळी शहाळं, दुपारी दाणे-गूळ, रात्री जेवणात मूठभर काजू. शेजारपाजाऱ्यांनीही तेच सांगितलं. जितकं खाईल तितकी ती आणखी थकत गेली.

एका सकाळी तिनं चहा तोंडाशी नेला आणि ठेवून दिला. “वास येता,” म्हणाली. मग तोणाकाच्या वासानं तिला ओकारी आली. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, आता घरचे उपाय पुरे, हिला मोठ्या इस्पितळात न्या.

मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पुढं धरून सांगितलं की दोन्ही आकसून लहान झाली आहेत आणि परत भरून येणार नाहीत. रक्तदाब कित्येक वर्षं वर असणार, कोणी मोजलाच नाही. मी बाहेर जाऊन परत आत आले आणि विचारलं, “डॉक्टर, हे दाणे, टोमॅटो, काजू खाऊन झालं का? आम्ही घरात फार खातो.”

“नाही,” ते म्हणाले. “त्यानं झालेलं नाही. पण आता ते सगळं बंद.”

पथ्य समजवायला एक तरुण मुलगी होती, चांगल्या मनाची. वयनीला बरं वाटावं म्हणून कोंकणीत बोलत होती. टोमॅटो नको, कच्चा नाही, पिकलेला नाही. शेंगदाणे नकोत. काजू नकोत. नारळ नको, शहाळं तर विषच समजा. केळं नको. पालेभाजी नको. मीठ अगदी नावाला. दिवसभरात पाणी एवढंच, असं म्हणून तिनं मेजावरचा कोप, म्हणजे पेला, उचलून दाखवला. जी भाजी चालते तीही बारीक चिरून पाण्यात भिजवायची, मग उकळायची, ते पाणी ओतून टाकायचं, आणि उरलेला चोथा शिजवायचा. रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय बंद पडतं, म्हणून.

वयनीनं सगळं ऐकून घेतलं. मग त्या मुलीला विचारलं, “आनी कितें उरलें गो?”

मुलगी हसायला गेली आणि थांबली.

आठवड्यातून दोन दिवस डायलिसिस. भाड्याची गाडी पहाटे यायची, दीर पुढं बसायचे, मी मागं वयनीजवळ. सड्यावरून मातीचे ट्रक उतरत असायचे, त्यांच्यामागं आम्ही अडकायचो आणि ती तोंडाला पदर लावून डोळे मिटून घ्यायची. यंत्रावर चार तास. परत येताना ती इतकी रिकामी असायची की तिला गाडीतून उतरवताना वजन लागायचं नाही.

घरी मी स्वयंपाक करायचे. दुधी चिरायचा, भिजवायचा, उकळायचा, ओतायचा. पडवळ चिरायचं, भिजवायचं, उकळायचं, ओतायचं. शेवटी सगळ्याची चव एकच, ओल्या कापडासारखी. नारळाशिवाय गोव्यातला स्वयंपाक कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तिलाही ठाऊक नव्हतं. जिच्या हाताची वाडी वाट बघायची तिच्यापुढं मी ती वाटी ठेवायचे आणि ती एक शब्द न बोलता खायची. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्यासमोर दुसरं काही करायला नको म्हणून मी सगळ्यांसाठी तेच करू लागले. नारळ आणणं बंद केलं. दाण्यांचा डबा माळ्यावर ठेवला. टोमॅटोची रोपं दिरांनी सवयीनं लावली होती, पण मी मळ्याकडं फिरकले नाही. असे काही आठवडे गेले आणि एका दुपारी ताट बघून ती भडकली.

“हांव मरूंक ना अजून!” तिनं ताट ढकललं. “सुतक आहे का घरात? सगळ्यांनी हे का खायचं? ती पोर सुट्टीला येते आणि तिला हे घालतेस?”

“वयनी, तुमच्यासमोर…”

“माझ्यासमोरच कर. आज कर.”

मी नाही म्हणू शकले नाही. माळ्यावरून डबा काढला, दाणे भाजले, मळ्यातून मुलगी टोमॅटो घेऊन आली. वयनी स्वयंपाकघराच्या जनेलाशी, खिडकीपाशी, पाट घेऊन बसली आणि मला सांगत राहिली. आच कमी कर. फोड उलट आता. लसूण करपते बघ. तिचा आवाज आधीसारखा झाला होता. क्षणभर मला वाटलं, सगळं ठीक आहे. मग तेलात जिरं पडलं, तो वास सगळ्या घरात गेला, आणि ती बोलायची थांबली. मी वळून बघितलं तर ती तोंड मिटून, नाकानं नुसता श्वास घेत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.

त्या दिवशी ती चटणी कोणीच खाल्ली नाही. माझ्या मुलीनं ताटात वाढून घेतलं, एक घास घेतला आणि उठून परसात गेली. नवरा म्हणाला, भूक नाही. दिरांनी पानाला हातच लावला नाही. संध्याकाळी मी ते भांडं गोठ्यात रिकामं केलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ती मळ्यात गेली. मी विहिरीवर कपडे धूत होते. परत आले तर ती खाटेवर नव्हती. न्हाणीजवळच्या बाहेरच्या चुलीत निखारे होते आणि वर कढई. कढईत थोडंसं उरलेलं. बाजूला काजूगरांची टरफलं, नारळाची किसलेली अर्धी वाटी आणि हिरव्या टोमॅटोची देठं. वयनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिच्या बोटांना काजूच्या चिकाचे डाग होते. तेल न लावताच सोलले होते तिनं.

“काय केलंत हे?” मी किंचाळलेच.

ती माझ्याकडं बघून हसली. खरंच हसली. “हांव पोटभर जेवलें,” म्हणाली.

तासाभरात तिच्या पायांतली शक्ती गेली. मग हात उचलेनात. छातीत काहीतरी फडफडतं म्हणाली. नवऱ्यानं फोन केला, रुग्णवाहिका आली, आणि सबंध रस्ता मी तिचा हात धरून बसले. इस्पितळात सुया, पट्ट्या, धावपळ. डॉक्टर माझ्यावर ओरडले, “घरात माणसं असताना हे होतंच कसं?” कोणी माणूस भूक लागून जेवला, एवढंच झालं होतं.

ती वाचली. त्या दिवशी ती गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढं खूप केला. ती पोटभर जेवून गेली असती. पण ती वाचली आणि त्यानंतर तिला अन्नाचीच भीती बसली. वाटीतला दुधी समोर आला की विचारायची, “पाणी काढलंस ना गो? नीट काढलंस?” मी दोनदा उकळलं तरी तिला खरं वाटायचं नाही. चव गेली होतीच, आता विश्वासही गेला. भाताचे दोन घास, तेवढ्यावर ती दिवस काढायची. अंगावर फक्त कातडी राहिली आणि पोट सुजलेलं.

मग यंत्राला जोडायला हातात तयार केलेली शीर बंद पडली. डॉक्टरांनी दुसऱ्या हातात केली, तीही बंद पडली. मानेत नळी घातली, तिथं पू झाला. तिची मुलगी साखळीहून येऊन राहिली. तिला मूल लहान, ती कोणाकोणाकडं बघणार? दीर दिवसभर अंगणात बसून असायचे. कोणी आलं की उठून उभे राहायचे, बस म्हणायचे, आणि पुढं काय बोलायचं ते विसरायचे. माणसं थोडा वेळ बसून निघून जायची. रोगाला काय बोलणार?

एक दिवस तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना, मला आणि दिरांना, बाहेर बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, “आता पथ्य सोडा. त्यांना काय खावंसं वाटतं ते द्या.”

दिरांचा चेहरा उजळला. गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, “बरं झालं गो, नाही? म्हणजे सुधारते.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनीच माझ्याकडं नीट बघितलं, आणि त्यांना कळलं. ते चप्पल न काढताच पायरीवर बसले.

त्या वर्षीही मर लागली होती. झाडं उभ्या उभ्या मेली होती आणि हिरवी फळं लटकत होती. मी ती तोडून आणली. काजूगर सोलायला मला तिच्यासारखं जमत नाही, बोटं भाजली. नारळ किसला, तिरफळं घातली, वर भाजके दाणे ठेचून घातले. मीठही घातलं, हवं तेवढं. पोदेराकडून ताजा पाव आणला. वाटी घेऊन तिच्या खाटेशी बसले.

“वयनी, बघा काय आणलंय. आता खायचं. डॉक्टर चालेल म्हणाले.”

तिनं डोळे उघडले. वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिलाही कळलं. तिनं तोंड उघडलं. मी कुलेरानं थोडंसं जिभेवर ठेवलं. तिनं ते तोंडात धरलं, गिळायचा प्रयत्न केला, आणि जिभेनं हळूच बाहेर काढलं. मी पदरानं पुसलं.

“रूचच ना,” ती म्हणाली. “लोखंडा कशें लागता.”

“मीठ कमी आहे का? आणखी तिरफळ घालू?”

“ना गो बाय. तुजें बरें जालां.” तिनं माझ्या भाजलेल्या बोटांवर हात ठेवला. “म्हाका नाका.”

मी तिथंच वाटी धरून बसले. तोणाक गार झालं, त्यावर साय धरली. एवढे दिवस तिला ज्याच्यापासून लांब ठेवलं, जे तिनं मरण पत्करून एकदा खाल्लं, ते आता समोर होतं आणि तिला त्याची चव कळत नव्हती. रोगानं तिची जीभही नेली होती. आम्ही पथ्य सोडलं तेव्हा सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी, भर दुपारी ती गेली. मी आणि तिची मुलगी जवळ होतो. शेवटी तिनं काही मागितलं नाही.

बाराव्यानंतर साखळीची मुलगी गेली, माझी पणजीला परतली, आणि घरात आम्ही तिघं राहिलो. मी स्वयंपाक करत होते. दीर ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. नवराही तसाच. असा किती काळ गेला असेल सांगता येत नाही. एक दिवस नवऱ्यानं भाजीचा घास घेतला आणि माझ्याकडं बघत राहिला.

“तू अजून पाणी ओततेस?” त्यानं विचारलं.

मला समजलं नाही. मग ताटाकडं बघितलं. दुधी होता, बारीक चिरलेला, पांढरा, चोथा झालेला. मी रोज भिजवत होते, उकळत होते, ओतत होते. कोणासाठी ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मुद्दाम करत नव्हते. हात करत होते.

“तुम्ही दोघं इतके दिवस खाताय हे, बोलला का नाहीत?” मी म्हटलं.

दिरांनी मान वर केली. “आमकां कळ्ळेंच ना,” ते म्हणाले, आम्हाला कळलंच नाही, आणि परत खाली बघून जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडला, वाटण केलं, नेहमीसारखी भाजी केली. चांगली झाली होती असं वाटतं. दोघांनीही कालच्याएवढंच खाल्लं, ना जास्त ना कमी. मी ताटं उचलली, घासली, पालथी घातली आणि संध्याकाळसाठी तांदूळ निवडायला बसले.